अंग आंबतं तेव्हा आत काय चालतं?



भाताची लावणी नुकतीच उरकली आहे. पहिल्या दिवशी चिखलात उतरलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी कशी चालते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. मांड्या भरून आलेल्या असतात, पायरी उतरताना भिंतीला हात लावावा लागतो आणि तिसऱ्या दिवशी तर जास्तच ठणकतं. आपण म्हणतो, अंग आंबलं. चार-सहा दिवसांत ते सुटतं आणि मग उरलेली लावणी पार पडेपर्यंत पुन्हा तसं दुखत नाही.

असं का होतं, हा प्रश्न आम्हाला एका बचत गटाच्या बैठकीत विचारला गेला. पण खरा प्रश्न त्याच्या मागून आला. भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ते आंबलेलं निघून जातं गं. पण आता साठी आली, खाली बसलं की कुणीतरी हाताला धरून उठवावं लागतं. जन्मभर राबले. ताकद काय वापरून वापरून संपते का?"

त्या दिवशी आम्ही "वयामुळे होतं, मावशी" एवढंच बोलून पुढच्या विषयाकडे वळलो. घरी येताना आमचं आम्हालाच ते बरं वाटेना. ते उत्तर अर्धवट होतं, आणि अर्ध्या उत्तराने बाई खाटेवर बसते ती बसतेच. म्हणून आजचं बोलणं त्या मावशींसाठी.

आधी स्नायू म्हणजे काय ते बघू. आपण मटण म्हणून जे खातो ते त्या जनावराचे स्नायूच. शिजलेला तुकडा बोटांनी सोडवला की त्याचे धागे निघतात. (ज्यांच्या घरी मटण होत नाही त्यांनी सुतळी उसवून बघावी.) त्या प्रत्येक धाग्यात आणखी बारीक तंतू असतात, केसाएवढे किंवा केसाहूनही बारीक. असा एकेक तंतू म्हणजे शरीराची एक पेशी. आपल्या बाकीच्या बहुतेक पेशी डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या छोट्या आणि साधारण गोलसर-चौकोनी. स्नायूची पेशी मात्र काही सेंटिमीटर लांब, काही ठिकाणी वीतभरसुद्धा.

पेशीच्या आत केंद्रक असतं. केंद्रक म्हणजे पेशीचा कारभारी. कुठलं प्रथिन बनवायचं, किती बनवायचं, त्याचा सगळा हिशेब त्याच्याकडे. साध्या पेशीला एक कारभारी पुरतो. पण एवढ्या लांबलचक स्नायुतंतूचा पसारा एकट्याला झेपणार कसा? म्हणून एका तंतूत शेकडो केंद्रकं असतात, मोठ्या तंतूत तर हजारो. जो तो आपल्या आसपासची वस्ती सांभाळतो. बाळ पोटात असताना छोट्या छोट्या पेशी एकमेकींना जुळतात, त्यांच्या मधल्या भिंती जातात आणि सगळ्यांची मिळून एक लांब पेशी होते. प्रत्येकीने आपला कारभारी बरोबर आणलेला असतो.

इथे एक कोडं आहे. कातडीच्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, म्हणून खरचटलेलं भरून येतं. स्नायुतंतूला ते जमत नाही. त्याच्या आतली केंद्रकं एकदा कामाला लागली की पुन्हा दुभंगत नाहीत. बरं, माणसाच्या स्नायूंमध्ये तंतू किती, हेही जन्माच्या सुमाराला जवळजवळ ठरून गेलेलं असतं. मग बाळाची बोटाएवढी पोटरी वाढून पाण्याचे दोन हंडे वाहणाऱ्या बाईची पोटरी होते ती कशी? तंतू जाड होतात, लांब होतात. पण पसारा वाढला तर कारभारीही वाढायला हवेत. ते येतात कुठून?

याचं उत्तर 1961 साली मिळायला लागलं, तेही बेडकाच्या पायात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर मॉरो नावाचे शास्त्रज्ञ बेडकाच्या मागच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यांना दिसलं की तंतूच्या अगदी अंगाला चिकटून कुठे कुठे एक छोटीशी वेगळी पेशी बसलेली आहे. ती तंतूच्या आत नाही आणि बाहेरही नाही. प्रत्येक तंतूला स्वतःचं पातळ कातडं असतं आणि त्यावरून आणखी एक पातळ वेष्टण असतं. या दोहोंच्या मध्ये ती बसलेली होती. तंतूच्या कडेकडेने असते म्हणून त्यांनी तिला नाव दिलं सॅटेलाइट सेल, म्हणजे उपग्रह पेशी. त्यांनी तीन पानांचं टिपण लिहिलं आणि त्यात एक अंदाज बोलून दाखवला. गर्भात स्नायू घडवणाऱ्या ज्या पेशी होत्या त्यांतल्याच या मागे राहिलेल्या असाव्यात, आणि स्नायूला इजा झाली की जाग्या होत असाव्यात.

उपग्रह हा शब्द आम्हाला काही जवळचा वाटत नाही. आमच्यापैकी निम्म्या जणी उसाच्या भागातल्या. आम्हाला ते ऐकून उसाचा डोळा आठवला. उसाच्या प्रत्येक कांड्यावर, पाचटाच्या आत, एक डोळा असतो. कांडं आणि पाचट यांच्या मध्ये दबून बसलेला. ऊस उभा आहे, शेंडा शाबूत आहे, तोवर तो डोळा झोपलेला असतो. शेंडा मोडला की पांगशा फुटतात. टिपरी करून जमिनीत लावली की त्याच डोळ्यातून नवा ऊस उभा राहतो. स्नायूच्या या पेशीचं ठिकाण तसंच आणि स्वभावही बराच तसा. म्हणून पुढे आम्ही तिला डोळाच म्हणणार आहोत. डॉक्टरांसमोर मात्र सॅटेलाइट पेशी म्हणा.

मॉरो यांचा अंदाज खरा की खोटा, हे ठरायला दहा वर्षं गेली. 1971 साली कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मॉस आणि लब्लाँ या दोघांनी वाढत्या वयाच्या उंदरांवर एक साधा पण नामी प्रयोग केला. दुभंगायच्या तयारीत असलेली पेशीच फक्त जो पदार्थ आत घेते, असा एक पदार्थ त्यांनी खूण लावून उंदरांना टोचला. तासाभराने बघितलं तर खूण फक्त डोळ्यांवर होती, तंतूंच्या आतल्या एकाही केंद्रकावर नव्हती. नंतरच्या दिवसांत बघितलं तर तीच खूण तंतूंच्या आतल्या केंद्रकांवर दिसायला लागली. म्हणजे डोळा दुभंगला, एक लेक तंतूत मिसळून गेली आणि तिचं केंद्रक तिथला नवा कारभारी झालं. कोडं सुटलं.

इथे उसापेक्षा एक गोष्ट वेगळी आहे, तीही सांगायला हवी. डोळा जागा झाला की आधी त्याच्यापासून पुष्कळ लेकी होतात. त्यांतल्या बऱ्याच तंतूला जाऊन मिळतात, नाहीतर एकमेकींना जुळून नवा तंतू घडवतात. पण काही परत वेष्टणाच्या आत जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. सगळं बियाणं पेरून टाकायचं नाही, थोडं कणगीत ठेवायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही तसं त्यांनाही नाही. हे बियाणं किती जोमाचं असतं बघा. 2005 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी एका उंदराच्या स्नायूतला एकच तंतू, त्यावरच्या अवघ्या सात डोळ्यांसकट, दुसऱ्या उंदराच्या खराब झालेल्या स्नायूत बसवला. त्या सातांपासून शंभराहून जास्त नवे तंतू उभे राहिले. आणि 2011 साली उलटा प्रयोग झाला. उंदरांच्या स्नायूंतले डोळे जवळजवळ सगळे काढून टाकले आणि मग स्नायूला इजा केली. तो स्नायू पुन्हा भरून आलाच नाही.

आता पुन्हा लावणीकडे येऊ. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलं होतं की काम केल्यावर स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं आणि म्हणून अंग दुखतं. अंग आंबणं या शब्दाला ते अगदी शोभतंसुद्धा. पण ते आम्ल तास-दीड तासात निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ठणक त्याची नाही. सवय नसलेलं काम झालं की काही तंतूंना बारीक बारीक चिरा पडतात. उतारावरून उतरताना किंवा ओझं हळूहळू खाली ठेवताना जास्त, कारण तेव्हा स्नायू ताणलेला असतानाच जोर लावत असतो. मग रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिथे येतात, तुटकं-फुटकं उचलतात. जागा सुजते, ठणकते. त्याच गडबडीत झोपलेल्या डोळ्यांना हाक जाते. दिवसा-दोन दिवसांत ते दुभंगायला लागतात. तंतू सांधले जातात आणि थोडे जास्त बळकट होतात, म्हणून दुसऱ्या खेपेला तेच काम तेवढं दुखत नाही. मोठी इजा असेल, बैलाने मारलं, मुका मार बसला, तर भरून यायला तीन-चार आठवडे आणि कधी त्याहून जास्त लागतात. तेवढा वेळ द्यावाच लागतो.

इथे आम्ही एक गोष्ट कबूल करतो. मोठ्या माणसाचा स्नायू व्यायामाने फुगतो तेव्हा प्रत्येक वेळी डोळ्यांची गरज लागतेच का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. डोळे काढून टाकलेल्या मोठ्या उंदरांचे स्नायूसुद्धा ओझं वाढवल्यावर काही आठवडे जाड होत राहिले, असं 2011 सालीच केंटकीच्या एका प्रयोगात दिसलं. हातात असलेल्या कारभाऱ्यांवर काही काळ जास्त काम ढकलता येतं, असा त्याचा अर्थ. पण दुरुस्तीसाठी ते लागतात आणि लहान वयातल्या वाढीसाठी लागतात, याबद्दल वाद नाही.

लहान वयाचं विशेष सांगायला हवं. उंदराच्या नवजात पिल्लाच्या स्नायूत दर 100 केंद्रकांमागे सुमारे 30 या डोळ्यांची असतात. मोठ्या उंदरात ती दोन ते सातवर येतात. म्हणजे बहुतेक पेरणी बालपणीच होऊन जाते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत ज्या पिल्लांना दूध कमी मिळालं, त्यांना नंतर पोटभर खायला घातलं तरी त्यांचे स्नायू भावंडांची बरोबरी करू शकले नाहीत. बाळ उंदीर नव्हे, हे खरं. पण अंगणवाडीच्या ताई वजनकाट्याचा एवढा आग्रह का धरतात, त्याचं एक कारण यात आहे. आणि घरात मुलगा-मुलगी दोघं असतील तर अंडं कुणाच्या ताटात जातं, हा प्रश्नही यात आहे.

आता मावशींचा प्रश्न. ताकद वापरून संपते का? नाही. वापरल्याने डोळे जागे होतात. संपण्याची कारणं वेगळी आहेत.

पन्नाशीनंतर स्नायू दर वर्षी साधारण एक टक्क्याने कमी होत जातात आणि ताकद त्याहून वेगाने उतरते. आपल्या स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक संथ आणि चिवट, दिवसभर न थकणारे. दुसरे जोराचे, झटक्यात ताकद लावणारे पण लवकर दमणारे. वयाबरोबर बारीक होतात ते मुख्यतः जोराचे तंतू, आणि डोळे कमी होतात तेही त्यांच्याभोवतीचे. जमिनीवरून उठणं, ठेच लागल्यावर पडता पडता सावरणं, बसमध्ये चढताना उंच पायरीवर अंग उचलणं, ही या जोराच्या तंतूंची कामं.

बैठकीत आम्ही व्यायामाचा विषय काढला की हमखास कुणीतरी म्हणतं, "आम्ही दिवसभर शेतात असतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" हा राग रास्त आहे. पण खुरपणी, चालणं, झाडलोट, भाकऱ्या थापणं ही लांबलचक, एकसुरी कामं संथ तंतूंवर भागतात. जोराचे तंतू स्वस्थ पडून राहतात. पाय ताठ ठेवून वाकून लावणी केली की भार कंबरेवर येतो आणि मांडीला फारसं काही करावं लागत नाही. म्हणून दहा तास काम करणारी बाईसुद्धा मांडीने कमजोर असू शकते. त्यात तिचा काही दोष नाही, कामाची तऱ्हाच तशी आहे.

दुसरं कारण पाळी. पाळीच्या वर्षांत अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक येतं आणि ते या डोळ्यांना जपतं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या शास्त्रज्ञांनी 2019 साली दाखवलं की अंडाशय काढलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये हे डोळे कमी होतात आणि स्नायूची दुरुस्तीही मंदावते. पाळी जाण्याच्या आधी आणि नंतर काही बायकांच्या मांडीतला इवलासा तुकडा काढून बघितला, तर त्यांच्यातही हे डोळे कमी झालेले दिसले. हे ऐकून आम्हाला ऊसतोडीला जाणाऱ्या बायका आठवल्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याच्या प्रकाराची 2019 सालीच सरकारी समितीने चौकशी केली होती, ते तुम्हाला आठवत असेल. नुसती पिशवी काढली तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी थांबत नाही. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर पस्तिशीच्या बाईचं शरीर एका दिवसात पन्नाशीत जातं. आणि तिलाच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं. पिशवी काढा असं कुणी सांगितलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं, आणि काढायचीच असेल तर अंडाशय ठेवणार का, हे तोंडाने विचारावं. आधी झालेल्या शस्त्रक्रियेच्या कागदावर काय लिहिलं आहे, तेही वाचून घ्यावं.

तिसरं कारण पडून राहणं. निरोगी पण वयस्क माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं तर त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू उतरला, असं 2007 साली अमेरिकेत मोजलेलं आहे. दहा दिवसांत एक किलो! घरची म्हातारी तापाने आजारी पडते, ताप उतरतो, पण आपण मायेने म्हणतो, "पडून राहा, उठू नका." पंधरा दिवसांनी तिला मोरीपर्यंत जाता येत नाही. तापाने केलं नाही ते खाटेने केलं.

मग म्हातारपणी हे डोळे मरूनच गेलेले असतात का? नाही, आणि आम्हाला सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे. 2005 साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक म्हातारा आणि एक तरुण उंदीर एकमेकांना असे जोडले की दोघांचं रक्त एकत्र फिरेल. म्हाताऱ्या उंदराच्या स्नायूला इजा केली, तर त्याचे स्वतःचेच जुने डोळे जागे झाले आणि त्यांनी तरुणासारखी दुरुस्ती केली. डोळ्यांत जीव होता, त्यांना हाक जात नव्हती. (म्हणून कुणी तरुण माणसाचं रक्त भरून घ्यायला जाऊ नये. तो प्रयोग उंदरांपुरता होता.)

माणसांचा पुरावा साधा आहे. 1990 साली बॉस्टनमधल्या एका वृद्धांच्या रुग्णालयात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा व्यायाम दिला, वजन हळूहळू वाढवत. एकाने मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. मांडीचा स्नायूही नऊ टक्क्यांनी भरला. वय किती? 86 ते 96.

तर मावशी, साठी म्हणजे काहीच नाही.

काय करायचं ते सांगतो. घरात कमरेच्या खाली येईल असा ओटा, बाज किंवा भक्कम खुर्ची बघा. भिंतीला लागून असावी, सरकू नये. हात छातीवर ठेवून त्यावरून उठायचं आणि हळू, तीन आकडे मोजत परत बसायचं. धपकन नाही, कारण खाली येतानाच मांडीला खरं काम पडतं. आठ-दहा वेळा. थोडं थांबून पुन्हा आठ-दहा वेळा. पहिल्यांदा हातांचा टेकू लागला तरी चालेल. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरे, रोज नको. मधला दिवस सुटीचा, कारण दुरुस्ती सुटीच्या दिवशी होते. सोपं वाटायला लागलं की बसायची जागा थोडी खाली आणा, किंवा हातात भरलेला तांब्या धरा. सोपंच राहिलं तर डोळे जागे होत नाहीत, हे लक्षात असू द्या. शेवटच्या दोन वेळा जरा जड गेल्या पाहिजेत. बरोबर दाराची चौकट धरून टाचा उचलणं आणि भिंतीला दोन्ही हात टेकून अंग रेटणं, एवढं जमलं तरी पुष्कळ. श्वास कोंडून धरू नका. छातीत दुखणं, चक्कर, वाढलेलं बीपी, अंग बाहेर येण्याचा त्रास किंवा नुकतंच झालेलं बाळंतपण वा शस्त्रक्रिया असेल, तर आधी आरोग्य केंद्रात विचारा.

आणि खाणं. डोळा जागा झाला तरी तंतू घडवायला माल लागतो. तो माल म्हणजे प्रथिनं. आपल्या देशाच्या 2020 सालच्या शिफारशीप्रमाणे 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. बाजरीच्या दोन मध्यम भाकऱ्यांतून बारा-तेरा ग्रॅम मिळतात. मूठभर तुरीची डाळ शिजवली की सात, मूठभर मटकीची उसळ केली की सात, मूठभर शेंगदाणे सात, एक अंडं सहा, पेलाभर दूध सहा. बेरीज केली तर 46 होतात. पण आपल्या घरांत डाळ कुणाच्या वाटीत घट्ट पडते आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत काय उरतं? वरचं पाणी, आणि भाकरीबरोबर ठेचा. आमच्यातल्या एकीने आठ दिवस आपल्या ताटाचा हिशेब लिहिला, तर पंचवीस ग्रॅमच्या वर एकही दिवस गेला नव्हता. तिच्या घरी डाळ कमी शिजत नव्हती. ती शेवटी जेवत होती, एवढंच. आता ती वाढायच्या आधी आपली वाटी बाजूला काढून ठेवते. सासूबाई दोन दिवस बघत राहिल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनीही आपली काढली. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डाळ-अंडी किती खायची ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

सलाईनबद्दलही बोलतो. अशक्तपणा आला की बाटली लावून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी चाल. त्या बाटलीत मीठ आणि पाणी असतं, कधी साखर. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर ती जीव वाचवते. पण त्यात प्रथिनाचा कण नसतो, स्नायूला तिचा काही उपयोग नाही. तेवढ्या पैशांत महिनाभराचे शेंगदाणे येतात.

हे डोळे म्हणजे एक प्रकारच्या मूळपेशी, इंग्रजीत स्टेम सेल. हा शब्द हल्ली जाहिरातींत फार दिसतो, म्हणून सावध करतो. ड्युशेन नावाचा स्नायूंचा एक आजार आहे. तो जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. मूल तीन-चार वर्षांचं झालं तरी सारखं पडतं, पोटऱ्या जाडजूड दिसतात पण जोर नसतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत टेकवत वर येतं. या मुलांच्या तंतूंत एक प्रथिन नसतं, त्यामुळे रोजच्या हालचालीनेही तंतू फाटतात. डोळे जागे होतात, दुरुस्त करतात, पुन्हा फाटतं, पुन्हा दुरुस्त करतात. खोडव्याचा निडवा, निडव्याचा पुढचा, असं करत शेवटी फुटवा येईनासा होतो आणि स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट पेशीजाल भरतं. अशी लक्षणं दिसली तर मुलाला सीपीके नावाची रक्ततपासणी करून घ्यायला न्या. या मुलांच्या आईबापांना काही ठिकाणी लाखो रुपये घेऊन स्टेम सेलची इंजेक्शनं देतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नियमावलीत या आजारासाठी तसे उपचार मान्य नाहीत. रीतसर संशोधनात ते चालू शकतात, पण तिथे पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठून यायचं. आणि हो, हा आजार आईकडून मुलाकडे येऊ शकतो, पण दर तीन मुलांमागे साधारण एकात तो नव्यानेच उद्भवलेला असतो. घरात आईला बोल लावायचा त्यामुळे कुणाला अधिकार मिळत नाही.

एक शेवटची गोष्ट. अंग आंबणं आणि आजार यातला फरक ओळखायला हवा. कडक उन्हात, पाणी न पिता, सवय नसलेलं भारी काम केल्यावर लघवी चहाच्या काढ्यासारखी तांबडी-काळी झाली, हातपाय सुजून कडक झाले, तर ते आंबणं नव्हे. तंतू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातला माल रक्तात उतरला आहे आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. तशाच उठून दवाखान्यात जा, रात्र काढू नका.

पुढच्या मंगळवारी गुडघ्यांवर बोलू. मावशींच्या गटाकडे आम्ही महिन्याने पुन्हा जाणार आहोत. तिथल्या समाजमंदिराच्या ओट्याची उंची आम्ही मोजून आणली आहे, दीड फूट. सुरुवातीला बरोबर आहे.